कॉन्ट्रिब्युटर गाइडलाइन्स कळत नाहीत? मग त्या नीट करणं हेच तुमचं पहिलं काम

आमच्या प्रोजेक्टच्या कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये, म्हणजे बाहेरच्या माणसाने बदल कसे पाठवायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, बरीच वर्षं एक वाक्य पडून होतं, "बदल योग्य शाखेवर पाठवण्यात यावेत." माझ्या भाचीने ते वाचलं आणि विचारलं, "मामा, शाखा म्हणजे फोंड्याची की म्हापशाची?" अर्धी मस्करी होती, अर्धी नाही. ब्रँचला, म्हणजे प्रोजेक्टच्या एका वेगळ्या ठेवलेल्या प्रतीला, शाखा म्हणतात हे तिला कसं कळणार, आणि कळलं तरी "योग्य" कुठली हे फाइलमध्ये नव्हतंच. ते वाक्य मीच लिहिलेलं.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे छोट्या दुकानांसाठी बिलं करायचं एक मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याचं मराठी डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं ते सांगणारी पानं. नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाहीये. तीन-चार जण सांभाळतो, मी फोंड्यात, एक डिचोलीत, एक पेडण्याला, सगळे नोकरी करून. नवीन माणूस येतो, गाइडलाइन वाचतो, एक-दोन दिवस काहीतरी खटपट करतो आणि गायब होतो, आणि आम्ही म्हणायचो की आजकालच्या पोरांना पेशन्स नाही. पेशन्स आम्हाला नव्हता, फाइल नीट लिहायचा.

हे लिहितोय ते अशा कोणत्याही डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टमध्ये नव्याने आलेल्या माणसासाठी. कोडिंग यायला हवं असं काही नाही. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मेंटेनरकडे, म्हणजे आमच्यासारख्या प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांकडे, अजिबात नाही, ती म्हणजे तुमचा गोंधळ. आणि तो टिकत नाही, दोन आठवड्यांत तुम्हाला सगळं "उघडच आहे" वाटायला लागतं, मग तुम्हीही आमच्यासारखेच. त्यामुळे जे करायचं ते त्याच्या आत.

फाइल नेमकी कुठली ते आधी शोधा

गिटहबवर, म्हणजे असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात त्या साइटवर, कॉन्ट्रिब्युटिंग डॉट एमडी ही फाइल तीन जागी असू शकते, डॉट-गिटहब नावाच्या फोल्डरमध्ये, रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींचा साठा) अगदी वरच्या पातळीवर, किंवा डॉक्स फोल्डरमध्ये. एकापेक्षा जास्त असल्या तर गिटहब याच क्रमाने बघतं आणि जी पहिली सापडेल तीच इश्यू (प्रश्न किंवा तक्रार) किंवा पुल रिक्वेस्ट (माझा हा बदल घ्या अशी विनंती) उघडणाऱ्याला दाखवतं. आमच्याकडे दोन होत्या. मी एका रविवारी बसून वरच्या पातळीवरची फाइल झकास केली, मर्ज केली, म्हणजे मुख्य प्रतीत घेतली, चहा प्यायलो, आणि लोक दोन महिने जुनंच वाचत होते कारण लिंक डॉट-गिटहबमधल्या फाइलकडे जात होती. कोणी सांगितलं नाही कारण नवीन माणसाला माहीतच नसतं की दुसरी पण एक फाइल आहे.

तर पहिलं काम हेच, "नवीन इश्यू" वर क्लिक करा, तिथे गाइडलाइनची जी लिंक येते ती उघडा, तीच खरी फाइल. मग रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल), विकी, स्टाइल गाइड, जिथे जिथे "योगदान कसं द्यावं" असं काही लिहिलंय ते चाळा आणि विसंगती दिसली की टिपा. आमच्याकडे रीडमी म्हणत होतं मास्टर ब्रँच आणि फाइल म्हणत होती मेन. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नवीन रिपॉझिटरीची मुख्य ब्रँच मेन या नावाने बनवायला सुरुवात केली, आमची त्याच्या आधीची, कोणीतरी मध्ये नाव बदललं आणि अर्धी पानं तशीच राहिली. असलं बऱ्याच जुन्या प्रोजेक्टमध्ये सापडेल.

अडखळलात की लगेच लिहा, नंतर नाही

एक साधी नोट उघडून ठेवा आणि गाइडलाइनप्रमाणे खरोखर एक छोटी दुरुस्ती करायला घ्या. जिथे थांबलात तिथे वेळ, ती ओळ, आणि तुम्हाला काय वाटलं ते. सुधारून लिहू नका, जसं डोक्यात आलं तसं. भाचीने त्या दिवशी लिहिलेलं हे, जसंच्या तसं:

८:१०. "रिपो क्लोन करा." कुठे? डेस्कटॉपवर चालेल?
८:२५. "डिपेंडन्सी इन्स्टॉल करा." कमांड चालत नाही. ही उबुंटूची वाटते, माझं विंडोज आहे.
८:५०. अजून तेच.
९:०५. लाइट गेली.
९:३०. मला फक्त "पावती" चं "पवती" झालंय तेवढं नीट करायचं होतं.

मी शेजारीच सोप्यावर बसलो होतो, बाहेर पाऊस, आणि तोंड बंद ठेवलं होतं. खरं सांगतो, यात तेच सगळ्यात अवघड. दर दोन मिनिटांनी जिभेवर येत होतं की अगं ते सोड, वर पेन्सिलचं बटण आहे ते दाब. पण सांगितलं असतं तर ती शेवटची ओळ मला मिळाली नसती.

एका काना-मात्रेसाठी एक तास वीस मिनिटं, आणि काम झालंच नाही. आणि गिटहबवर पान उघडून पेन्सिलवर क्लिक केलं की ब्राउझरमध्येच एडिट करता येतं, तुमच्याकडे लिहायची परवानगी नसेल तर गिटहब आधी तुमच्या खात्यात फोर्क, म्हणजे प्रोजेक्टची तुमची स्वतःची प्रत, बनवायला विचारतं आणि शेवटी पुल रिक्वेस्ट उघडायला विचारतं. क्लोन नको, म्हणजे अख्खा प्रोजेक्ट आपल्या मशीनवर उतरवायला नको, इन्स्टॉल नको. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि फाइलमध्ये नव्हतं, कारण आम्ही स्वतः तसं कधी करत नाही.

म्हणून गाइडलाइनमध्ये पहिला भाग कुठला हवा हे तिथेच ठरलं. सगळ्यात छोटी वाट सगळ्यात वर. "टायपो, तुटलेली लिंक, चुकीचा आकडा: पेन्सिल दाबा, बदला, पाठवा." त्याच्या खाली, मोठं काम करणाऱ्यांसाठी, आपल्या मशीनवर साइट चालवायची पद्धत. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे उलटं असेल तर फक्त क्रम बदलून पाठवलात तरी खूप झालं.

सगळेच प्रश्न त्या फाइलचे नसतात

नोट तयार झाली की तिच्यावर एक चाळण मारायची. प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये सारखंच असेल तर ते गाइडलाइनमध्ये लिहायचं नाही, एक लिंक द्यायची. फोर्क म्हणजे काय, क्लोन कुठे करायचं, मर्ज कॉन्फ्लिक्ट कसा सोडवायचा, हे सगळं लिहायला बसलात तर गाइडलाइन म्हणजे गिटचं (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, गिटहब त्याच्यावरच चालतं) क्रमिक पुस्तक होईल आणि ते कोणी वाचणार नाही. उत्तर फक्त इथेच खरं असेल, म्हणजे कुठल्या ब्रँचवर, कोण बघणार, स्क्रीनशॉट कुठे ठेवायचे, आकडे मराठीत की इंग्रजीत, ते मात्र लिहायलाच हवं, कारण ते दुसरीकडे कुठे शोधून सापडणार नाही. भाचीच्या नोटमधला डेस्कटॉपचा प्रश्न या चाळणीतून पडला, बाकीचे राहिले.

मेंटेनरला विचारायचं, पण एकदाच आणि उत्तरासकट

इथे नवीन लोक दोन चुका करतात. एक तर विचारतच नाहीत, किंवा "गाइडलाइन क्लिअर नाही, प्लीज क्लिअर करा" असा एक ओळीचा इश्यू टाकतात. दुसऱ्याला मी तरी उत्तर देत नाही, म्हणजे द्यायचं असतं पण काय देणार.

आधी हे लक्षात घ्या की मेंटेनर मुद्दाम लपवत नाहीये. मी वाळपईहून पहिल्यांदा पणजीला कॉलेजच्या कामाला आलो आणि मडगावची शटल पकडायला गेलो तेव्हा थेट बसच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मागचे काका म्हणाले, "तिकीट काढलंस रे?" तिकीट आधी खिडकीवर काढायचं आणि मग लाइनीत लागायचं, हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ, त्यामुळे कोणाला वाटतच नाही की हे सांगायची गोष्ट आहे. त्या काकांनी सांगितलं म्हणून, नाहीतर मी बस भरून जाईपर्यंत तिथेच. मेंटेनर हे त्या रोजच्या प्रवाशांसारखे असतात, त्यांना विचारलं की सांगतात, चिडत नाहीत.

तर एकच इश्यू उघडा, त्यात तुमचे पाच-सात प्रश्न, आणि प्रत्येकाखाली तुम्हाला काय वाटतं ते उत्तर. असं:

"फाइलमध्ये 'योग्य शाखा' लिहिलंय. मी मागच्या काही मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट बघितल्या, सगळ्या मेनवर आहेत. म्हणजे नेहमी मेनवरच पाठवायचं असं लिहू का?"

याला मेंटेनर बसमध्ये उभा असताना मोबाइलवरून "हो" एवढं टाइप करू शकतो. ते "हो" म्हणजे तुमची परवानगी. आणि मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट बघायची सवय लावाच, लिहिलेला नियम एक आणि चालतं दुसरंच असं बऱ्याचदा असतं, तिथे जे प्रत्यक्षात चालतं ते लिहायचं की नियमाप्रमाणे चालायला लागायचं हा निर्णय त्यांचा, तुमचं काम फक्त दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचं.

आता मुख्य काम, वाक्यं

मराठी गाइडलाइनचा खरा शत्रू म्हणजे "करण्यात यावे". आपण सगळे शाळेच्या नोटिसा आणि सरकारी पत्रं वाचून मोठे झालोय, त्यामुळे नियम लिहायला बसलो की हात आपोआप तिकडे वळतो. "स्क्रीनशॉट जोडण्यात यावेत." कोणी जोडायचे? मी की रिव्ह्यूवाल्याने? "भाषेची योग्य ती काळजी घ्यावी." कुठली काळजी? "पुनरावलोकन करण्यात येईल." कधी, कोण? वाक्य भारदस्त आहे आणि त्यात माहिती शून्य.

यावर माझा उपाय एकदम साधा. प्रत्येक वाक्यात कर्ता शोधायचा. तुम्ही की आम्ही. "तुम्ही" म्हणजे पाठवणारा, "आम्ही" म्हणजे मेंटेनर, हे फाइलच्या सुरुवातीला एकदा सांगून टाका. मग "स्क्रीनशॉट जोडण्यात यावेत" चं होतं "बटणाचं नाव किंवा जागा बदलली असेल तर तुम्ही नवीन स्क्रीनशॉट जोडा, नुसता मजकूर बदलला असेल तर नको." वाक्य लांबलं, चालेल, पण आता त्याच्यावरून भांडण होणार नाही.

दुसरी भानगड म्हणजे सक्ती किती. "असावे", "अपेक्षित आहे", "शक्यतो", "बरे होईल", हे सगळं एकाच फाइलमध्ये आणि वाचणाऱ्याला कळत नाही की हे नाही केलं तर माझी पुल रिक्वेस्ट बंद होणार की फक्त कोणीतरी नाक मुरडणार. इंटरनेटचे स्टँडर्ड लिहिणाऱ्यांना हाच त्रास होता, म्हणून मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाचं छोटंसं कागदपत्र काढून त्यांनी मस्ट, शुड, मे या शब्दांचे अर्थ बांधून टाकले. पुढे २०१७ मध्ये आणखी एक काढावं लागलं, आरएफसी ८१७४, की हे बांधलेले अर्थ शब्द कॅपिटलमध्ये असतील तेव्हाच धरायचे. आता आपल्या देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नाही, त्यामुळे ती युक्ती जशीच्या तशी चालत नाही, आपल्याला शब्दच वेगळे धरावे लागतात. आम्ही तीन ठरवले, "पाहिजेच", "शक्यतो" आणि "चालेल". "पाहिजेच" नसेल तर मर्ज होत नाही. "शक्यतो" नसेल तर आम्ही विचारू, कारण पटलं तर मर्ज. "चालेल" म्हणजे तुमची मर्जी. बाकी सगळे "असावे" आणि "यावे" शोधून शोधून काढले, आणि गंमत म्हणजे अर्ध्याहून जास्त "यावे" शेवटी "चालेल" निघाले. म्हणजे आम्ही उगाच घाबरवत होतो लोकांना.

तिसरं, आकडा नसलेली विशेषणं. "मोठा बदल असेल तर आधी चर्चा करा." मोठा म्हणजे किती? नवीन मुलगा दोन परिच्छेद बदलून चर्चेची वाट बघत बसतो, आणि दुसरा कोणीतरी अख्खं जीएसटीचं प्रकरण नव्याने लिहून न विचारता पाठवतो आणि ते नेमकं दुसऱ्याने अर्धं लिहिलेलं असतं. ही दुसरी गोष्ट आमच्याकडे घडली, त्या मुलाचे तीन वीकेंड गेले, मला आजही वाईट वाटतं. आता आमची ओळ अशी आहे: "आहे त्या पानात दुरुस्ती असेल तर सरळ पाठवा, कितीही ओळी असोत. नवीन पान, पान काढणं, पान हलवणं, याला आधी इश्यू पाहिजेच, आणि आम्ही त्यावर 'घ्या' म्हटल्याशिवाय लिहायला बसू नका." मोठं-छोटं हे मापच काढून टाकलं. तुमच्या प्रोजेक्टची रेषा वेगळीकडे असेल, पण अशी असू दे की दोन माणसं ती वाचून एकाच बाजूला उभी राहतील.

आपल्या भाषेच्या खास गोष्टी

हे इंग्रजी प्रोजेक्टच्या गाइडलाइनमधून उचलून मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"दुसऱ्या" हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलंत, मग य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडणारं चिन्ह आणि य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे सर्च करणाऱ्याला अर्धी पानं सापडतच नाहीत. आम्हाला हे कळायला वर्ष गेलं, एका दुकानदार काकांनी फोन करून सांगितलं की "सुट्ट्या पैशांचं पान सापडतं रे, पण ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल वालं पान काय सापडत नाय." आता गाइडलाइनमध्ये एक ओळ आहे, ऱ वापरा, आणि पाठवलं की एक छोटी स्क्रिप्ट तपासते. माणसाने तपासायची गोष्ट नाहीच ही, डोळ्याला दिसत नाही ती माणूस काय तपासणार.

आकडे १२३ की इंग्रजी, एक ठरवा. आमचं असं की मजकुरात मराठी आकडे, पण स्क्रीनवर जे टाइप करायचंय ते जसं टाइप करायचं तसं. वाचणाऱ्याला "तुम्ही" म्हणायचं, "तू" नाही आणि "आपण" पण नाही. बटणांची नावं सॉफ्टवेअरमध्ये जशी आहेत तशीच, स्वतःचं भाषांतर करायचं नाही, नाहीतर दुकानदार "जतन करा" शोधत बसतो आणि स्क्रीनवर "सेव्ह" असतं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवायचा नाही, तो तुमच्याकडे मराठी दिसतो आणि आमच्याकडे कचरा, युनिकोड पाहिजेच.

आणि गोव्यात आणखी एक. इथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा, आणि मराठीही सरकारी कामात वापरता येते, आणि आपण सगळे दिवसभर दोन्हीत इकडून तिकडे उड्या मारत असतो. लिपी एकच, त्यामुळे कोणी कोंकणीत लिहिलेलं पान मराठीच्या फोल्डरमध्ये टाकलं तर बाहेरच्या रिव्ह्यूवाल्याला पटकन कळत पण नाही. आमच्याकडे असं एक सुंदर पान आलं, घरच्या भाषेत, ओघवतं, आणि आम्ही ते "मराठी सुधारा" म्हणून परत पाठवलं. पाठवणारी बाय पुन्हा आली नाही. चूक तिची नव्हती, कुठल्या फोल्डरात कुठली भाषा हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. आता भाषांच्या ठरलेल्या कोडने मराठीचं एमआर आणि कोंकणीचं केओके, दोन फोल्डर, आणि दोन्ही चालतात असं पहिल्याच पानावर आहे.

एक टेक्निकल गोष्ट पण इथेच सांगतो. एका ओळीत एकच वाक्य लिहा, पूर्णविरामानंतर एंटर. मार्कडाउनमध्ये, म्हणजे ही पानं ज्या साध्या लिखाणपद्धतीत असतात तिच्यात, लागून आलेल्या ओळी साइटवर एकाच परिच्छेदात जातात, त्यामुळे वाचणाऱ्याला फरक पडत नाही. पण गिट ओळीओळीने तुलना करतं, अख्खा परिच्छेद एका ओळीत असला आणि तुम्ही एक वेलांटी बदललीत तर गिट दाखवतं की पूर्ण परिच्छेद बदलला, आणि रिव्ह्यू करणारा त्यात वेलांटी शोधत बसतो. नियम लिहाल तेव्हा हे कारणासकट लिहा, कारण दिलं नाही तर लोकांना तो नुसता छळ वाटतो.

चिकटवलेला मजकूर, सही, आणि फोटो

लायसन्सवर जास्त बोलत नाही, पण एक बघा, कोडचं लायसन्स आणि डॉक्युमेंटेशनचं लायसन्स वेगळं असू शकतं. आमचे लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ४.० खाली आहेत, म्हणजे नाव द्या आणि पुढे वाटलंत तर त्याच अटीवर वाटा. पेपरातला मजकूर, दुसऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमधला मजकूर हे चालत नाही, आणि एआयकडून लिहून घेतलेलं चालतं की नाही याबद्दल प्रोजेक्टचं जे काही मत असेल ते लिहून टाकायला लावा, न लिहिलेलं मत सगळ्यात वाईट. आम्ही म्हणतो चालेल, पण पाठवण्याआधी तुम्ही ते सॉफ्टवेअरवर स्वतः करून बघितलेलं पाहिजेच.

काही प्रोजेक्टना कमिटखाली, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीखाली, "साइन्ड-ऑफ-बाय" ही ओळ लागते. ही पद्धत लिनक्स कर्नलने २००४ मध्ये आणली, अर्थ एवढाच की हे द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही सांगताय. गिट कमिटला डॅश एस लावलं की ती ओळ येते. पण पेन्सिलवाल्या वाटेने येणाऱ्याला डॅश एस कुठे लावणार? मग तपासणीवर लाल फुली येते आणि माणूस घाबरतो. रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये वेबवरच्या कमिटला साइन-ऑफ घ्यायची सोय आहे, मेंटेनरने ती चालू केली की झालं. तुम्ही फक्त हे इश्यूमध्ये सुचवा.

स्क्रीनशॉटबद्दल एकच पण ठळक: खऱ्या गिऱ्हाइकाचं नाव, फोन, उधारी दिसता कामा नये. एका भल्या माणसाने आपल्या चालू दुकानाचा उधारखात्याचा स्क्रीनशॉट पाठवला, अर्धा गाव त्यात, आणि कोणाचे किती बाकी हे पण. नंतरच्या कमिटमध्ये फोटो काढून टाकला तरी गिटच्या इतिहासात तो राहतो, तो तिथून काढायला आमची रात्र गेली. तेव्हापासून नकली नावांचं एक तयार दुकान ठेवलंय, त्याचाच फोटो काढायचा.

काय घेणार नाही तेही लिहा

ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो, २०१४ पासून चालतो, २०२० मध्ये त्यात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट मिळायचा. त्या वर्षी लोकांनी टीशर्टसाठी दुसऱ्यांच्या रीडमीमध्ये "भारी प्रोजेक्ट" छापाचे शब्द घुसवून पुल रिक्वेस्टचा नुसता पूर आणला, मेंटेनर वैतागले, आणि ऑक्टोबर सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या रिपॉझिटरीने स्वतःहून होकार दिलाय तीच धरायची. त्यातल्या बऱ्याच पोरांना आपण काही वाईट करतोय असं वाटलंही नसेल. म्हणून "स्पॅम करू नका" असं लिहून उपयोग नाही, कोणाला वाटतं आपण स्पॅम करतोय? नेमकं लिहा, "नुसतं विशेषण बदललेली, अर्थ न बदलता शब्दाला समानार्थी शब्द टाकलेली पुल रिक्वेस्ट आम्ही न विचारता बंद करतो." मन दुखत नाही असं नाही, पण आधी सांगितलेलं कमी दुखतं.

उत्तर कधी मिळणार

हा भाग बहुतेक गाइडलाइनमध्ये नसतोच. सगळी फाइल तुम्ही हे करा, ते करा, आणि आम्ही काय करू याबद्दल एक ओळ नाही. नवीन माणूस पुल रिक्वेस्ट टाकतो आणि मग गप्प. चार दिवस झाले, विचारू का? विचारलं तर उद्धट वाटेल का? आठ दिवसांनी तो विसरतो.

हे वाक्य मेंटेनरकडून मिळवा, त्यांच्या मागे लागा. आमचं आता असं: "आम्ही आठ दिवसांत काहीतरी उत्तर देतो, निदान 'बघितलं, पुढच्या आठवड्यात वाचतो' एवढं तरी. आठ दिवस झाले तर त्याच पुल रिक्वेस्टवर आठवण करा, ते उद्धट नाही, आम्हाला हवंच आहे. चवथीच्या आसपास दोन आठवडे धरा, आम्ही सगळे माटोळीच्या गडबडीत असतो." ती चवथीची ओळ घालताना डिचोलीवाला म्हणाला, अरे प्रोफेशनल वाटत नाही. राहू दे म्हटलं. पुण्याच्या एका मुलीने नंतर विचारलं माटोळी म्हणजे काय, मग आम्ही गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या माटोळीचा फोटो पाठवला, आणि ती आता आमची दर आठवड्याची रिव्ह्यूवाली आहे.

पाठवताना तुकडे करा

सगळं लिहून झालं की मोह होतो, एकच मोठी पुल रिक्वेस्ट, "गाइडलाइन्स सुधारल्या". नको. वीस गोष्टी एकत्र असल्या की त्यातल्या एकीवर वाद होतो आणि बाकी एकोणीस अडकून पडतात. आधी ज्यावर कोणाचं दुमत नसणार ते, मेली लिंक, मास्टरचं मेन. मग क्रम बदलणं, मजकूर न बदलता, म्हणजे रिव्ह्यूवाल्याला फक्त जागा बदलल्या हे दिसेल. मग एकेक नियम, आणि प्रत्येकाच्या वर्णनात त्या इश्यूची लिंक जिथे मेंटेनरने "हो" म्हटलंय. फाइल आधीपेक्षा लांब होत असेल तर काहीतरी काढा पण. आमच्याकडे कमिट मेसेज कसा लिहायचा यावर दीड पान होतं, आणि आम्ही मर्ज करताना सगळं स्क्वॉश करतो, सगळ्या कमिटची एकच कमिट, म्हणजे ते मेसेज कोणी बघतच नाही. दीड पान उडवलं. रडलं कोणी नाही.

नाही म्हणाले तर? होतं असं. कारण विचारा, आणि ते कारणच फाइलमध्ये घालायला सुचवा, "आम्ही असं करतो कारण". बऱ्याचदा ते लगेच मर्ज होतं, कारण ते त्यांचंच वाक्य असतं.

मग कोणालातरी बसवा

नवीन फाइल बरोबर आहे की नाही हे तुम्हाला आता कळणार नाही, तुमचा गोंधळ तोपर्यंत संपलेला असतो. ज्याने ती कधी पाहिली नाही असा एक माणूस शोधा, भाऊ, शेजारीण, कोणीही ज्याला ब्राउझर उघडता येतो. एक खरी चूक पानात दाखवा, फाइलची लिंक द्या, घड्याळ लावा आणि गप्प बसा. तो तुमच्याकडे वळून बघेल, तुम्ही मोबाइलमध्ये बघायचं.

आमच्याकडे या वेळी भाचीची मैत्रीण बसली. पेन्सिल दाबली, "पवती" चं "पावती" केलं, खाली खूण करायच्या तीन ओळी होत्या त्या केल्या, पाठवलं. अकरा मिनिटं. त्यातली चार पासवर्ड आठवण्यात गेली. मग तिने विचारलं, "आता मर्ज झालं की मला काही करायचं असतं का, की तसंच सोडायचं?" मी फाइल उघडून बघितली. नव्हतं लिहिलेलं.